भावाच्या रानाला सायकलची फेरी

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं वाचून तुम्हीच म्हणाल. भाजीवालीचा तराजू, रिक्षावाल्याकडं नेमकं सुट्टं नसणं, सोमवारी सकाळीच दुखणारं पोरांचं पोट, या सगळ्यात मला कुठंतरी पाणी मुरताना दिसतं. आमचे हे म्हणतात, "तू पोलिसात जायची, चुकून मास्तरीण झालीस." यात कौतुक किती आणि टोमणा किती, तेही मी बघून ठेवते.

सायकलसुद्धा आमच्या घरात संशय घेऊनच आली. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दारात माणसाएवढं खोकं उतरलं. ह्यांनी मागवलेलं. "ग्रॅव्हल बाईक आहे," म्हणाले. म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे खडीवर, मुरमावर, मातीवर, कुठंही पळणारी सायकल. म्हटलं, माझ्या वडलांची काळी सायकल जन्मभर मातीवरच पळाली, तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच कारणानं. पन्नाशीतला माणूस अचानक सायकल आणतो, आरशात पोट आत ओढून बघतो, भल्या सकाळी केस विंचरून बाहेर पडतो, तर बायकोनं काय समजायचं? चार दिवस मी गच्चीवरून नजर ठेवली. पाचव्या दिवशी ह्यांची कंबर धरली. संशय मिटला आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडली.

ती मी बाहेर काढली. डॉक्टर म्हणाले होते, साखर काठावर आहे, रोज घाम येईपर्यंत चाला. डॉक्टरांवर माझा विश्वास नव्हता म्हणून दुसरीकडं तपासून घेतली, तर तीच निघाली. आता आमच्या लोहाऱ्यात चालायला निघालं की दर दहा पावलांवर एखादा पालक भेटतो आणि पोराच्या मार्कांचं विचारतो. घाम कधी यायचा? म्हटलं, सायकल बरी. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर जाड आणि खरबरीत. पहिल्या दिवशी मी पंचायत समितीच्या भिंतीला धडकले. दुसऱ्या दिवशी भिंत चुकवली. महिन्याभरात डांबरी रस्ता सोडला, कारण उसाच्या ट्रॉल्या मागून अशा येतात की आपण पुढं आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

डांबर सोडलं आणि मला माझाच तालुका नव्यानं सापडला. इकडं डोंगर नाही, झाडी नाही, बघायला कुणी येत नाही. सपाट काळं रान, मधून शिवरस्ते, पाणंदी, आणि माकणीच्या धरणाच्या कालव्याकडेनं गेलेली मुरमाची वाट. टायरमधली हवा जरा कमी केली की मुरूम खालून करकर वाजतो आणि सायकल आपणहून पुढं ओढते. दोन्ही बाजूंना तूर. थंडीत ज्वारी डोक्याएवढी होते आणि आपण कुणालाच दिसत नाही. त्या दिवसांत मी मोठ्यानं गाणी म्हणते. एरवी नाही. पावसाळ्यात मात्र नाव काढू नका. काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, आणि उन्हाळा लागला की सराटे. एका सकाळी तीन पंक्चर काढलीत मी, बांधावर बसून, सराट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

आता मी संशयी आहे खरी, पण रानातली माणसं माझ्या वरताण निघाली. डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, हँडलवर उभा लावलेला मोबाईल, आणि बाई! पहिल्याच आठवड्यात एक म्हातारबा बांधावरून ओरडले, "ओ बाई, कंच्या कंपनीच्या तुमी?" म्हटलं, कंपनी नाही, मी शिक्षिका. "मग मोजताव काय?" काही मोजत नाही बाबा, सायकल चालवते. "कशापायी?" साखरेपायी. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच माझं खोटं वाटायला लागलं. चूक त्यांची नव्हती. पवनचक्कीवाले असेच मोबाईल धरून येतात, रस्त्यावाले असेच येतात, आणि मग सहा महिन्यांनी रानात खांब उभा राहतो. मधे चोर रात्री ड्रोन उडवून घरं हेरतात अशी हूल उठली होती, तेव्हा तर दोन गावांत मला थांबवून पिशवी उघडायला लावली. आत पंप, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीचा वास घेऊन मगच सोडलं.

एकदा कालव्यावर मेंढरं आडवी आली. मी थांबून बघत होते. मेंढपाळ काठी टेकत पुढं आला. "मोजू नका," म्हणाला. मी कुठं मोजतेय? "व्हट हालत्यात तुमचे." ओठ हलत होते कारण मी गाणं म्हणत होते. पण हे त्याला कसं सांगायचं? मोजलं की कळपातलं कमी होतं, अशी त्यांची समजूत. मी दुसरीकडं तोंड करून उभी राहिले, सगळा कळप जाईपर्यंत. मला राग आला होता, पण आतून पटलंही होतं. मीही असंच केलं असतं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण ते परके होते. खरी गोष्ट पुढंच आहे. कालव्याची ती वाट माझ्या माहेरच्या शिवारातून जाते.

लोहाऱ्याहून तासाभराच्या अंतरावर माझं माहेर. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आई त्यांच्या आधीच गेली. रान धाकटा भाऊ करतो. आम्ही दोघंच भावंडं. कायद्यानं त्या रानात माझाही वाटा, हे आता शाळेतल्या पोरीसुद्धा सांगतील. पण आमच्याकडं कायदा एक आणि रीत एक. रीत अशी, की बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि रान भावाला सोडायचं. सही केली की माहेर शाबूत. दिवाळी, पंचमी, साडीचोळी, सगळं शाबूत. वाटा मागितला की माहेरचं दार बंद. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी वाटा घेतला. रान मिळालं, पण भावाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच कुणाच्यातरी मोबाईलवर बघायची वेळ आली.

अकरा वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते. भाऊ दिवाळीला आला की मी त्याच्या पिशवीकडं बघायचे. भावजयीनं पुरणपोळीवर जास्त तूप वाढलं की मला वाटायचं, आज कागद निघणार. निघायचा नाही. दर खेपेला परत येताना मी ह्यांना सांगायचे, "बघा, पुढच्या खेपेला नक्की." हे म्हणायचे, "अगं, त्याच्या मनातही नसेल." ह्यांना काय, जगात सगळे आपल्यासारखेच भोळे वाटतात.

आणि कागद पुढं आला तर मी काय करणार होते? हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, ह्यांनाही नाही. मी सही करणार होते. रान मला नकोच होतं, माझी नोकरी आहे, माझं चांगलं चाललंय. मला फक्त त्यानं विचारायला हवं होतं. माझ्यासमोर बसून त्यानं म्हणावं, आक्का, असं असं आहे, तू सोडशील का? आणि मी म्हणावं, जा रे, घे, तुझंच आहे. एवढंच. ते देणं माझं असावं आणि त्यानं ते जन्मभर लक्षात ठेवावं. याला कुणी हाव म्हणेल तर म्हणो. मोबाईलवर हल्ली कुणाचाही सातबारा बघता येतो. शेजाऱ्यांचा मी बघितलेला आहे. भावाचा कधी बघितला नाही. तो बघितला की मी बहीण राहिले नसते, वकील झाले असते.

तर सायकल. गावाच्या थांब्यापासून पाणंदीनं आत शिरायचं, कालव्यावर चढायचं, कालव्याच्या वाटेनं लिंबाच्या झाडापर्यंत जायचं आणि शिवरस्त्यानं परत थांब्यावर यायचं. या फेरीवर मुरूम सगळ्यात चांगला, एकही ट्रॉली नाही, सराटा कमी. आणि या फेरीच्या बरोबर मधे आमचं रान. म्हणजे भावाचं. दर रविवारी मी तिथं दोन-तीन फेऱ्या मारायचे. भाऊ दिसला तर हात करायचा, भावजय दिसली तर थांबून पाणी प्यायचं. मोबाईलवर एक अ‍ॅप आहे, त्यात आपण गेलो त्या वाटेची रेघ उमटते, किती अंतर झालं, किती वेळ लागला, सगळं. माझी भाची, भावाची एकुलती एक लेक, धाराशिवला कॉलेजात शिकते. तिनंच ते मला घालून दिलं होतं. माझी फेरी झाली की तिला तिकडं दिसायची, आणि ती खाली टाळ्यांचं चित्र टाकायची.

तिनं ती रेघ कौतुकानं बापाला दाखवली. "बघा पप्पा, आत्यानं आपल्या रानाला तीन फेऱ्या मारल्या." भावानं बघितलं. आता शेतकऱ्याच्या नजरेनं बघा तुम्ही. आपल्या रानाभोवती बरोबर बांधाबांधानं निळी रेघ, तीनदा गिरवलेली. आमच्याकडं रान मोजायचं असलं तर लोक हल्ली आधी असंच करतात, मोबाईल हातात धरून बांधावरून एक फेरी मारतात आणि तो गुंठे सांगतो. सरकारी मोजणी नंतर. बहीण अकरा वर्षांनी रविवारच्या रविवारी येते, डोक्याला टोपडं, हँडलला मोबाईल, आणि रानाला फेऱ्या मारते. ती साखर कमी करायला मारते हे त्यानं का मानावं?

मी फक्त सायकल चालवत होते, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. पण पूर्ण खरं सांगायचं तर एका रविवारी लिंबाखाली पाणी पिताना मी ते मोजणीचं अ‍ॅप उघडलं आणि एक फेरी त्याच्यासकट मारली. का, ते मला विचारू नका. आकडा आला. मी तो बघितला आणि चोरी केल्यासारखा लगेच पुसून टाकला. घरी येऊन दोन दिवस ह्यांच्याशी उगाच भांडले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं.

त्यानंतर भावाचे फोन आखडले. "काय आक्का, बरं हाय न्हवं? बरं, ठिवतो." एवढंच. दिवाळीला आला, पण फराळ न करता गेला, पाहुण्यांकडं जायचंय म्हणून. मला वाटलं, आता कागदाची तयारी चाललीय, म्हणून तोंड चुकवतोय. मग एका रविवारी पाणंदीच्या तोंडाशीच बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. ताज्या तोडलेल्या. मी उतरले, फांद्या बाजूला ओढल्या, हाताला चार ओरखडे आले. पुढच्या रविवारी पुन्हा फांद्या, आणि या खेपेला दुप्पट. भावजयीला फोन केला. "जनावरं शिरत्यात वन्सं, म्हनून टाकल्यात." म्हटलं, जनावरं दोन पायांची का चार? ती मग म्हणाली, "दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला. सकाळी अकरा वाजता कसलं दूध?

तेवढ्यात येळवस आली. वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातलं आंबील, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, खीर. घरधनी आंबिलाचं मडकं घेऊन रानाला फेरी मारतो, पिकावर आंबील शिंपडतो आणि कानडी बोल ओरडतो, ज्यांचा अर्थ मला आजवर कुणी सांगितला नाही. आणि त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही. ओळख असो नसो, जात-गोत काही विचारायचं नाही. वैरी गेला तरी हाक मारायची. लेकीला तर आदल्या दिवशीच न्यायला येतात. वडील गेल्यापासून दर वर्षी भाऊ मोटारसायकल घेऊन यायचा, एकदाही चुकला नाही.

त्या वर्षी तो आला नाही. फोनही नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मी पिशवी भरून बसले होते, भावजयीला साडी, भाचीला स्वेटर. संध्याकाळी पिशवी उचलून कपाटात ठेवली. हे म्हणाले, "अगं, कामात विसरला असेल." म्हटलं, येळवस विसरणारा माणूस माझ्या माहेरात अजून जन्मायचाय. मग मी रडले. माहेर गेलं असं वाटलं मला, आणि कागद न बघताच गेलं, याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. ह्यांना सांगितलं, कालव्यावर जाऊन येते. ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्याची बाटली भरून दिली. त्या दिवशी रानात जी माया बघितली ती मी विसरणार नाही. दर बांधावरून हाक. "ओ बाई, या, जेवून जावा." "ओ ताई, आंबील तरी घ्या." ते म्हातारबा, कंपनी विचारणारे, लांबूनच ओरडले, "ओ कंपनीवाल्या बाई, उतरा खाली!" त्यांनी माझ्या हातात आंबिलाचा तांब्या दिला, म्हणाले, "मोजायचं ते मोजा, आज खाऊन मोजा." मी हसले आणि प्याले. तीन रानांत थांबले. परकी माणसं मला घास भरवत होती आणि माझं लक्ष पुढं, लिंबाच्या झाडाकडं.

पाणंदीवरच्या फांद्या त्या दिवशी काढलेल्या होत्या. येळवशीला वाट अडवत नाहीत. आमच्या रानात कोप घातलेली होती, कोपीतून धूर येत होता. भाऊ बांधाकडेनं मडकं घेऊन फेरी मारत होता, माझ्याकडं पाठ. सायकलचा आवाज आला तसा तो वळला. उन्हात डोळ्यावर हात धरून, नीट न बघताच त्यानं रीतीची हाक मारली, "ओ सायकलवाले, या, जेवून जावा!"

मी हेल्मेट काढलं.

त्याच्या हातातलं मडकं हिंदकळलं. "आक्का?"

"हाक मारलीस," मी म्हटलं. "आता मागं घेता येत नाही. येते जेवायला."

आधी त्याची नजर हँडलवरच्या मोबाईलवर गेली. "चालू हाय का ते?" मी त्याच्यासमोर मोबाईल बंद केला आणि पिशवीत टाकला. कोपीपाशी भावजय उठून उभी राहिली, पदर नीट केला, माझ्या पाया पडली. भाची परीक्षेमुळं आली नव्हती. शेजारपाजारची माणसं जेवून आपापल्या रानात गेली होती. आम्ही तिघंच होतो. भावजयीनं ताट वाढलं, भज्जीवर भज्जी, खिरीवर दूध. मी प्रत्येक घासाला वाट बघत होते, की आता हा कोपीत जाईल आणि कागद घेऊन येईल. तो समोर बसून भाकरीचा एकच तुकडा बोटांनी मोडत होता. भावजय त्याच्याकडं बघायची, मग माझ्याकडं, मग चुलीकडं.

हात धुतले आणि मीच बोलले. मला राहवेना. "हे बघ," मी म्हटलं, "किती दिवस तोंड चुकवणार आहेस? मी काही मोजणी आणत नाही. कोर्टात जात नाही. आण तो कागद, मी सही करते. पण येळवशीला मला असं टाकू नकोस."

तो वर बघेना. "कंचा कागद?"

"हक्कसोडीचा. दुसरा कोणता?"

भावजय चुलीतलं लाकूड मागं ओढायला लागली. भाऊ मातीत बोट फिरवायला लागला. मग म्हणाला, "ते झालंय आक्का."

"काय झालंय?"

"सही. झालीय तुझी. तवाच. अण्णांचं तेरावं झाल्यावर."

मला काही कळेना. मग हळूहळू कळायला लागलं. तेराव्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी तो मला कचेरीत घेऊन गेला होता, वारस लावायचे म्हणून. टाईप केलेले कागद होते, फोटो काढला, अंगठा घेतला. रडून रडून माझे डोळे सुजले होते, चष्मा घरी राहिला होता. कारकून वाचून दाखवू का म्हणाला, तर मीच म्हटलं, राहू द्या, भाऊ आहे ना. तो कागदावर बोट ठेवत गेला आणि त्याचं बोट जिथं होतं तिथं मी सही करत गेले. गॅसचं बिल दोनदा वाचणारी मी.

"म्या सांगनार हुतो," तो म्हणाला. "लई डाव सांगनार हुतो. दरसाल वाटायचं, औंदा सांगू. मग पोरीनं ती रेघ दावली. म्या म्हनलं, आक्काला कळलं. आता मोजून दावा टाकतीया." पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "म्हंजी तुला ठाव नव्हतं?"

"नव्हतं."

"मग फेऱ्या?"

"साखर वाढलीय रे माझी," मी ओरडले. आणि मग तोंडाला येईल ते बोलले. "मी दिलं असतं! तिथंच दिलं असतं, अण्णांच्या फोटोसमोर. तू एकदा तोंडानं विचारायचं होतंस. माझं रान नेलंस त्याचं नाही मला. मला द्यायचं होतं ते! तू देऊच दिलं नाहीस." आणि मग जे बोलू नये तेही बोलले. "अकरा वर्षं मला न्यायला यायचास तो बहीण म्हणून यायचास, का मला काही कळलंय का ते बघायला?"

शेजारच्या रानातून कुणीतरी कुणालातरी जेवायला हाक मारत होतं.

मी उठले. भावजय घाईनं म्हणाली, "थांबा वन्सं, ओटी भरते." माझ्या अंगावर ट्रॅकपँट आणि जर्किन. ओटी घ्यायची कशात? तिनं भावाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माझ्यापुढं पसरला. गहू, नारळ, खण. मी घेतली. न घेऊन काय करू? नाकारायची तर मला आधी ठरवायला हवं होतं की माझं इथं काही आहे की नाही, आणि ते मला उभ्या उभ्या ठरवता येईना. तिनं त्या टॉवेलची गाठ मारली आणि माझ्या पिशवीत सरकवली. सगळा वेळ तिनं माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं. तिला ठाऊक होतं का पहिल्यापासून? मी विचारलं नाही, पण बघून ठेवलं.

बांधापलीकडं पाण्याची चारी खणलेली होती, तिच्यावरून भावानं सायकल उचलून पलीकडं ठेवली. मी हँडल धरलं तरी तो मागचं चाक सोडेना. "चुकलं माजं, आक्का," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खांदे हलत होते. लहानपणी हा पडून रडायला लागला की आई आतून मला विचारायची, खरं का सोंग गं? आणि मी न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचे. कधी चुकले नाही. आता तो माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून रडत होता, मी त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते, आणि मला सांगता येईना.